सुभद्राकाकूंचे गुडघे

सुभद्रा दगडू घाडी आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. लालबागमधली आमची चाळ तीन मजल्यांची. आम्ही सगळ्यात वर, आणि खालपासून वरपर्यंत पायऱ्या अठ्ठावन्न. मी लहान असल्यापासून त्यांना काकू म्हणतो. त्यांच्यावर जे ओढवलं त्यात माझाही थोडा हात होता. ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

काकू मालवणकडच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या खोलीत आल्या. पाच वर्षांत दगडूकाकांची गिरणी बंद झाली आणि काकू मसाल्याच्या दुकानात कामाला लागल्या. काम म्हणजे मिरच्यांचे देठ खुडायचे, धणे निवडायचे, मसाला भाजायला घेणाऱ्या बाईच्या हाताखाली उभं राहायचं. देठ खुडताना गोणपाटावर उकिडवं बसायचं, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. शेजारी कमलाबाई बसायच्या. त्या आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहायच्या. दोघींनी पस्तीस वर्षं शेजारी-शेजारी बसून मिरच्या खुडल्या. मधल्या काळात दोघींची बाळंतपणं, आजारपणं, सगळं एकमेकींना ठाऊक झालं. दगडूकाका गेले तेव्हा कमलाबाई तेरा दिवस वर काकूंच्या खोलीत झोपायला होत्या.

गुडघे दुखायला लागले ते काकूंच्या पन्नाशीच्या पुढे. आधी फक्त उठताना. मग जिना उतरताना. मग सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा मिनिटं पाय सरळच होईनात. काकू म्हणायच्या, वय झालं. कुणी सांगितलं म्हणून रुईची पानं गरम करून बांधली. तेलं झाली, पट्टे झाले. एका बाईने सांगितलं की गुडघ्यातलं वंगण संपलंय, म्हणून दोन महिने रोज तूप घातलेलं दूध प्यायल्या. त्याने वजन चार किलो वाढलं आणि गुडघा आणखी बोलायला लागला. त्या चालायच्या तेव्हा आतून येणारा करकर आवाज मला गॅलरीतून ऐकू यायचा.

मग गोळी आली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून कमलाबाईंनी आणून दिली होती. पिवळी, छोटी. घेतल्यावर अर्ध्या तासात दुखणं मागे सरायचं. काकू खूश झाल्या. पहिल्यांदा आठवड्यातून दोनदा, मग रोज एक, मग दोन. कमलाबाईंना दम लागायला लागला, बाहेर जाणं कमी झालं, तेव्हा काकूंनी मला सांगितलं. मी दादरला नोकरीला, येता-जाता दुकानावरूनच जातो. दुकानदार चिठ्ठी मागत नव्हता. मी गोळ्यांच्या पट्ट्या आणून द्यायला लागलो. पाच-सहा वर्षं आणत होतो. एकदाही पट्टीच्या मागे काय लिहिलंय ते वाचलं नाही.

काकूंचा मुलगा हितेंद्र लोअर परळला एका ऑफिसात सुरक्षेच्या कामावर, पाळ्या बदलत्या. सून प्राची चष्म्याच्या दुकानात. दोघंही काकूंना डॉक्टरकडे न्यायला तयार होते. काकूच जायच्या नाहीत. ऑपरेशन सांगतील, ही त्यांची भीती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना पुढे जंतुसंसर्ग झाला, ते काकूंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता जे सांगतो ते मला प्राचीकडून नंतर कळलं. आमच्या मजल्यावर संडास गॅलरीच्या टोकाला, सार्वजनिक, उकिडवं बसायचे. काकूंना बसता येईना. बसलं तर उठता येईना. एकदा त्या आत अर्धा तास अडकून राहिल्या, भिंतीला धरून धरून उठल्या, बाहेर आल्या तेव्हा रांगेत तिघी उभ्या होत्या. त्या दिवसापासून काकूंनी पाणी कमी केलं. सकाळी अर्धा कप चहा. दुपारी जेवताना दोन घोट. संध्याकाळनंतर काहीच नाही. संडासात जायची वेळ दिवसातून एकदाच यावी म्हणून. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, असं त्या प्राचीला म्हणाल्या. त्याची त्यांना लाज वाटत होती.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत कमलाबाई गेल्या. सकाळी आठला चहा पिता पिता. मी सुट्टीवर होतो, खाली गेलो. हितेंद्र पाळी संपवून आला तो तसाच सामान आणायला गेला. प्राची कामावर. चाळीतली बहुतेक माणसं अंगणात. बारा वाजता न्यायचं ठरलं. त्या सगळ्या धावपळीत वरच्या मजल्यावर काकू एकट्या आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. आलं असतं तरी मी एवढाच विचार केला असता, की त्या गॅलरीतून बघतील.

काकू उतरायला लागल्या होत्या. उभ्याने जमेना, म्हणून त्या पायरीवर बसल्या. दोन्ही हात मागे टेकून एकेक पायरी खाली सरकल्या. लहान मूल उतरतं तसं. अठ्ठावन्न पायऱ्या. लाकडाच्या पायऱ्यांच्या कडा झिजून धारदार झाल्यात, त्यांच्या पोटऱ्या खरचटल्या, लुगड्याला मागून भोक पडलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचल्या तेव्हा खालून आवाज वाढला. तिथून अंगण दिसत नाही, फक्त ऐकू येतं. काकूंनी हाक मारली नाही. एका बाईने नंतर विचारलं, थांबा म्हणून ओरडला का नाहीत. त्या म्हणाल्या, ओरडून काय सांगू, म्हातारी ढुंगणावर सरकत येतेय, थांबा?

त्या अंगणात पोचल्या तेव्हा माणसं गेली होती. बायका कमलाबाईंची खोली धूत होत्या. काकू ओल्या लादीवरच भिंतीला टेकून बसल्या.

आम्ही तीन वाजता भोईवाड्याच्या स्मशानातून परत आलो. हितेंद्रने आईला तिथे बघितलं. तो तिला उठवायला वाकला. काकू जिन्यापर्यंत चालल्या, चार पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. पाचवीवर पाय ठेवायला गेल्या तर गुडघा आतून दगा देऊन वाकला. हितेंद्रने धरलं म्हणून पडल्या नाहीत. मग कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. हितेंद्र, मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे, आम्ही चार बाजूंनी उचलली. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला. वळणांवर खुर्ची तिरकी करावी लागत होती. वर पोचल्यावर खुर्ची खाली ठेवली, तेव्हा त्यांनी पदर बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं.

"कमळीला पण असंच नेलं ना तुम्ही? चौघांनी?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर काकू खाली उतरल्या नाहीत. मसाल्याचं दुकान गुडघ्यांमुळे आधीच सुटलं होतं. आता गॅलरीतही यायच्या बंद झाल्या. मी पट्टी द्यायला जायचो तेव्हा खाटेवर बसलेल्या दिसायच्या, पाय समोर पसरून, गुडघ्यांकडे बघत. दोनच्या तीन गोळ्या झाल्या होत्या. मला वाटायचं, दुःखात आहेत, मैत्रीण गेली, दुखणं तरी कमी राहू दे. म्हणून मी पट्ट्या जास्तच आणून ठेवायला लागलो.

एप्रिलमध्ये उकाडा वाढला. प्राची एक पाण्याची बाटली भरून काकूंच्या खाटेजवळ ठेवून कामाला जायची. एक दिवस ती लवकर घरी आली आणि तिच्या लक्षात आलं की बाटली सकाळी होती तशीच भरलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिने बाटलीवर पेनाने खूण केली. संध्याकाळी पाणी खुणेलाच होतं. तिने काकूंना विचारलं. काकूंनी आधी उडवाउडवी केली, मग रात्री तिला संडासाचं सगळं सांगितलं. त्याच आठवड्यात काकूंचे पाय सुजले, तोंड सुजलं, अन्न बघितलं तरी उलटी यायची. मग उचकी लागली ती थांबेना. शनिवारी सकाळी त्या हितेंद्रला दगडू म्हणून हाक मारायला लागल्या.

पुन्हा तीच खुर्ची, तेच चौघं, आता खाली.

परळच्या मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांना दाखल केलं. रक्त तपासलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की दुखण्याच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. हितेंद्रला नाव सांगता येईना. मला माहीत होतं. मी सांगितलं, रोज तीन, किती वर्षं तेही सांगितलं. डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. माणूस भरपूर पाणी पीत असेल, वय कमी असेल, थोडेच दिवस घेत असेल, तर निभतं. यांनी वर्षानुवर्षं घेतली, आणि वर पाणी तोडलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत.

पाणी तोडलं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. प्राचीने इस्पितळाच्या पायरीवर बसून सांगितलं. हितेंद्र तिथून उठून गेला आणि बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला.

काकू अकरा दिवस तिथे होत्या. यंत्रावर रक्त शुद्ध करायची वेळ अगदी एका दिवसाने टळली. सलाईनवर लघवी हळूहळू सुरू झाली. भान आल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. नवव्या दिवशी त्यांनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून काकूंना दाखवला. मी तिथे होतो. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसायला हवी ती आतल्या बाजूला दिसतच नव्हती. हाड हाडावर टेकलं होतं. कडांना काट्यासारखी वाढ झाली होती. काकूंनी विचारलं, वंगण संपलं का. डॉक्टर म्हणाले, वंगण नाही, हाडांच्या टोकांवर जी मऊ गुळगुळीत गादी असते ती झिजली. ती परत येत नाही. तुपाने नाही, तेलाने नाही. पण दुखणं नुसतं गादीमुळे नसतं. मांडीचे स्नायू गेलेत, वजन आहे, आणि तुम्ही हलणं बंद केलंत, त्यानेही वाढलं. त्यातलं बरंच सुधारता येतं.

"गोळी?" काकूंनी विचारलं.

"ती आता कधीच नाही. साधी तापाची गोळी चालेल, वरून लावायचं मलम चालेल. ती पिवळी घेतलीत तर पुढच्या वेळी तुम्ही इथून घरी जाणार नाही."

काकू घरी आल्या आणि खरी वाईट वेळ तेव्हा सुरू झाली. गोळी नाही, आणि गुडघे तेच. दिवसभर कण्हत असायच्या. प्राचीने कमोडची खुर्ची आणली, स्टीलची, मधे भोक असलेली, खाली भांडं. दहा बाय बाराच्या खोलीत ती कोपऱ्यात ठेवून पडदा लावला. काकूंनी पहिल्या दिवशी ती वापरली नाही. दुसऱ्या दिवशी नाइलाजाने वापरली आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सुनेने आपलं भांडं रिकामं करायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. प्राची भांडं न्यायची, धुवायची, आणून ठेवायची, आणि पाण्याचा तांब्या भरून समोर धरून उभी राहायची, काकू तो संपवेपर्यंत.

काकू नेहमी चाळीतलं मराठी बोलतात. जीव अगदी कासावीस झाला की गावचं तोंडात येतं. एक दिवस खोलीत कुणी नसताना त्यांनी मला हाक मारली. मी गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"दीपक, एक पट्टी आण. एकच. माका सोसवत नाय रे."

"काकू, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलंय. मराची भीती नाय माका. ह्यां असां बसून रवाचीच भीती वाटता."

मी नाही म्हटलं. त्यांनी हात सोडला. इतकी वर्षं आणलीस तेव्हा विचारलं नाहीस, आताच शहाणपण सुचलं, असं म्हणाल्या. ते खरंच होतं. त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रोज संध्याकाळी त्या दुकानावरून जायचो आणि पावलं आपोआप मंदावायची, इतकी सवय झाली होती.

इस्पितळाने व्यायामासाठी फ्लॅविया नावाच्या मुलीकडे पाठवलं होतं. ती गिरगावातली, खोताच्या वाडीतली. मराठी फडाफडा बोलते. काकू जायच्या नाहीत म्हटल्यावर प्राचीने तिला फोन केला आणि ती एका शनिवारी स्वतः अठ्ठावन्न पायऱ्या चढून आली. काकूंनी तिला सांगितलं की माझा काही उपयोग नाही, तुझा वेळ फुकट जाईल. फ्लॅवियाने टॉवेलची गुंडाळी केली, काकूंच्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, हा टॉवेल खाली दाबा, पाचपर्यंत मोजते. काकूंनी दाबला. मांडी नुसती थरथरली.

"एवढंच जमतंय आज," फ्लॅविया म्हणाली. "उद्या पण एवढंच जमेल. महिनाभर एवढंच जमलं तरी मी येईन, पण तुम्ही दाबायचं."

रोज तीन वेळा, दहा-दहा वेळा. मग खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा. मग खाटेची उंची वाढवली, पायांखाली ठोकळे घालून, म्हणजे उठताना गुडघा कमी वाकेल. मग काठी. काठी कुठल्या हातात धरायची हेही काकूंना माहीत नव्हतं. जास्त दुखणाऱ्या पायाच्या उलट्या हातात. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा. माझा बरा पाय कुठलाच नाही, काकू म्हणाल्या. मग कमी वाईट कुठला ते ठरवा, फ्लॅविया म्हणाली. डावा ठरला.

बरं झालं, असं इथे लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. चार महिन्यांनी काकू स्वतः उठून गॅलरीत आल्या, वजन सहा किलो उतरलं, पण उजवा गुडघा हटेना. तो इतका बाहेर वाकला होता की पाय धनुष्यासारखा दिसायचा. एकदा गुडघ्यात इंजेक्शन दिलं, ते जेमतेम दीड महिना पुरलं. शेवटी काकूच म्हणाल्या, ऑपरेशन करा. ज्या गोष्टीला दहा वर्षं घाबरल्या ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितली. तर आता किडनीचे डॉक्टर तयार होईनात. तीन वेळा तारीख मिळाली आणि रक्ताचा अहवाल बघून पुढे ढकलली. तिसऱ्या वेळी काकू इस्पितळाच्या बाकावरून उठेनात. तिथेच बसून राहिल्या. हितेंद्रने समजावलं, प्राचीने समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या की मी आधी आले असते तर यांनी लगेच केलं असतं ना? डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. ते म्हणाले, हो, पाच वर्षांपूर्वी आला असतात तर सोपं होतं.

पुढच्या जानेवारीत उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना उभं केलं. फ्लॅविया समोर होती. काकू वॉकर धरून चार पावलं चालल्या आणि रडल्या. पाय सरळ झाला होता. आवाज येत नव्हता. पण ऑपरेशननंतर मूत्रपिंडाचा आकडा पुन्हा चढला आणि महिनाभर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता तो एका ठिकाणी थांबलाय, चांगला नाही, पण थांबलाय. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हे शरीर दुसऱ्यांदा झेलणार नाही.

म्हणजे काकूंचा एक पाय बरा आणि एक तसाच. मीठ मोजून, पाणी मोजून, दर तीन महिन्यांनी रक्त. डावा दुखतो तेव्हा गरम पिशवी आणि मलम, बस्. माझ्याशी त्या आता बोलतात. मी एकदा त्यांना म्हटलं की काकू, मी आणायला नको होत्या. त्या म्हणाल्या, मी मागायला नको होत्या. आणि विषय बदलला. माझ्या मनातून तो गेलेला नाही.

मंगळवारी त्या भाजी आणायला खाली उतरतात. पंचवीस मिनिटं लागतात. चढायला पाऊण तास. गेल्या गणपतीच्या आधी त्या अशाच चढत असताना दुसऱ्या मजल्यावरची दर्शना पेडणेकर वरून उतरत होती. पन्नाशीची, शाळेत शिपाई आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. काकूंनी तिला थांबवलं.

"कधीपासून धरतेस कठडा?"

"असंच हो काकू. सवय."

"गोळी घेतेस?"

दर्शना हसली. कधीतरी घेते म्हणाली. काकूंनी तिला तिथेच जिन्यात धरून ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाणी तोडल्याचं, संडासाचं, भांड्याचं, जे त्यांनी दोन वर्षं घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं तेही, भर जिन्यात, माणसं येत-जात असताना. मी मागे त्यांची पिशवी घेऊन उभा होतो. दर्शनाने सगळं ऐकून घेतलं. फ्लॅवियाचा नंबर घेतला. आणि मग म्हणाली की काकू, माझं एवढं काही नाहीये अजून.

ती खाली गेली. काकू कठड्याला टेकून तिची पावलं ऐकत राहिल्या.

दर मंगळवारी त्या तिच्या दारावर काठीने टकटक करतात आणि फ्लॅवियाकडे गेलीस का म्हणून विचारतात. दर्शना म्हणते, या रविवारी नक्की. अजून गेलेली नाही.